बंदुकीचा कान

ती बंदूक मी आजही डोळे मिटून मोजून दाखवू शकतो. नळी एकशे बारा सेंटिमीटर, नळीचा आतला व्यास सोळा मिलिमीटर, दस्त्यावर पितळेच्या अकरा फुल्या, त्यांतली एक उपटलेली. नोकरीत मी बऱ्याच बंदुका जप्त केल्या, त्यातल्या बहुतेकींचा चेहराही आता आठवत नाही. हिच्यातून कधी गोळी सुटली नाही, तरी ही मात्र आठवते.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो. वडील सैन्यात होते, त्यांच्या बदलीबरोबर दिल्लीला आलो, इथेच पोलिसांत भरती झालो, इथल्याच मुलीशी लग्न केलं. घरात हिंदी, ठाण्यात हिंदी. ठाण्यात मला 'मराठा साब' म्हणत. मुलगी मला पापा म्हणते आणि माझं मराठी तिला टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटतं, कळतं पण आपलं नाही. आकडे मात्र मी मनात मराठीतच मोजतो. तेवढंच उरलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच्या थोडं आधीची ही हकीकत. यातल्या कुणाचं नाव मी लिहिणार नाही, आणि कामावरचं माझं हिंदी बोलणं मराठीतच लिहितो.

थंडीचे दिवस होते. सकाळी ठाण्यात पोहोचलो तर ड्यूटीवरचा हवालदार अंगणात ऊन खात उभा होता. हरियाणातला, सोनिपतकडचा माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, कानांनी मात्र जरा कमी.

"साब जी, खबर आई सै. आर. के. पुरम, सरकारी क्वार्टर. एक बुड्ढे नै बंदूक टाँग रखी सै."

"टांगलीय? म्हणजे भिंतीवर?"

"भीत पै. कह रहा था पुरानी है, पर काम चालू है."

"कोण बोलत होता?"

"कोई बुजुर्ग था. नाम पूछ्या तो फोन काट दिया."

फोनचा नंबर त्याच सेक्टरच्या बाजारातल्या एका किराणा दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, दिवसभरात दहा जण फोन मागतात, कुणाकुणाचे चेहरे लक्षात ठेवू? रोजनाम्यात नोंद झाली: जुनी बंदूक, चालू स्थितीत. हे शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे होते. ते का, हे आधी सांगतो.

आपल्याकडे शस्त्रांचा कायदा जुन्यापुराण्या बंदुकीला सवलत देतो. बंदूक पुरातन असेल आणि दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर ती शोभेची वस्तू. परवाना लागत नाही. पण ती चालत असेल, किंवा नवी बनवून जुनी म्हणून खपवलेली आणि चालणारी असेल, तर ती विनापरवाना शस्त्र होते आणि ज्याच्या भिंतीवर सापडली तो आरोपी होतो. त्याला फसवून विकली असली तरी. म्हणजे खोट्या वस्तूचं गिऱ्हाईक झालेला माणूस फिर्यादी म्हणून ठाण्यात येतो आणि आरोपी म्हणून आतच राहतो, असंही घडू शकतं. सगळं अवलंबून असतं एका सुईएवढ्या भोकावर. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाला, बाजूला, एक बारीक छिद्र असतं. पेटता तोडा, म्हणजे जळती सुती वात, बाहेरच्या वाटीतल्या दारूला लागतो आणि जाळ त्या छिद्रातून आत जातो. छिद्र आरपार असेल तर बंदूक. नसेल तर सळई.

आम्ही तिघं गेलो. मी, तो हवालदार आणि एक शिपाई. दुसरा मजला. मी घंटी वाजवली आणि हात खाली यायच्या आत दार उघडलं. सत्तरीपुढचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, केस तेल लावून विंचरलेले. समोरच्या टेबलावर ट्रेमध्ये चार कप पालथे घालून ठेवलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारच्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर, बंदूक.

"आइए, आइए." मग त्यांची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली. "अरे! मराठी का तुम्ही?"

"हो."

"मग उभे काहून? बसा ना. चहा ठेवतो. तुमच्या हवालदाराला साखर चालते ना?"

"काका, आम्ही झडतीसाठी आलोय."

"घ्या ना झडती. दोनच खोल्या आहेत. चहा होईस्तोवर होऊन जाईल."

हवालदार माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "साब जी, ऐसा मुलजिम पहली बार देख्या. चा की पूछ रहा सै."

मी नोकरीभर एक गोष्ट पाळली: जे विचित्र वाटेल ते लगेच समजून घ्यायची घाई करायची नाही, नुसतं बाजूला ठेवायचं. ते चार कप मी बाजूला ठेवले.

काका नागपूरचे. संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात आयुष्य गेलेलं. बायको गेल्यावर मुलाकडे आले. क्वार्टर मुलाच्या नावावर, मुलगा आणि सून दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, नातू बाहेरगावी शिकायला. सकाळी पावणेनऊला दोघं बाहेर पडत ते संध्याकाळी सातला येत. मध्ये घरात काका आणि फ्रिजचा आवाज. हे सगळं त्यांनी मी न विचारता, चहा गाळता गाळता सांगितलं. बोलताना ते थांबत नव्हते. गावाकडचा माणूस भेटल्यावर मी कधी इतकं बोललो असेन, असं मला आठवत नाही.

"ही कुणी दिली?" मी बंदुकीकडे बोट केलं.

"एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. पुण्याकडच्या लोकांचा, पण जन्म दिल्लीतला. दर रविवारी यायचा. पहाडगंजकडे कुठल्याशा दुकानात आहे, तिथल्या मराठी शाळेच्या मागच्या बाजूला. दुकानाचं नाव मला ठाऊक नाही. उंच आहे, डावी भुवई मधेच तुटलेली. त्याला शोधा तुम्ही."

साधारणपणे ज्याच्या घरी माल सापडतो तो विकणाऱ्याबद्दल काही सांगत नाही. 'कोई था साब, याद नहीं.' हे काका भुवईसुद्धा सांगत होते. तेही मी बाजूला ठेवलं.

मग बंदूक खाली उतरवली. तोवर मी बनावट हत्यारांची थोडी ओळख करून घेतली होती, प्रयोगशाळेतल्या शस्त्रतज्ज्ञ बाईंकडून. त्यांनी मला सांगितलेलं साधं होतं. जुना गंज काळपट असतो, लोखंडात मुरलेला असतो, अंगठा घासला तर बोटाला लागत नाही. तेजाबाने आणलेला गंज नारिंगी असतो आणि बोट रंगवतो. माझं बोट रंगलं. दुसरं, लाकूड झिजतं ते हात लागतो तिथे. या दस्त्यावर झीज सगळीकडे सारखी होती, म्हणजे घासपेपराची. तिसरं, मी नळीत बॅटरी मारली. आत टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ होती, शिवणीसारखी. बाजारात अर्ध्या इंचाचा म्हणून मिळणारा पाण्याचा पाइप आतून जवळपास सोळा मिलिमीटर भरतो. हा तोच होता. अशा पाइपात कुणी दारू भरून बत्ती दिली असती, तर समोरच्याला काही झालं नसतं. धरणाऱ्याचा हात गेला असता.

आणि पितळेची पट्टी. तिच्यावर देवनागरीत कोरलेलं: पानिपत, शके १६८३.

मी तिथेच हिशेब केला. लढाई झाली सतराशे एकसष्टच्या जानेवारीत. इसवी सनातून अठ्ठ्याहत्तर वजा केले की शके मिळतं, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. पण शके बदलतं पाडव्याला. जानेवारीत अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी वजा करायचे. सोळाशे ब्याऐंशी हवं होतं. शिवाय लढाईला जाणारा शिपाई लढाईचं नाव आधीच कोरून नेत नाही. ज्याने हे लिहून दिलं त्याला शके हा शब्द माहीत होता, पाडवा कधी असतो ते त्या घटकेला आठवलं नव्हतं. म्हणजे मराठी माणूस, पण इथला.

राहिलं ते भोक. बाहेरून दिसत होतं. त्यात मेण आणि काजळी भरलेली होती. आरपार आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नव्हतं आणि त्यात तार घालून बघणं म्हणजे पुराव्याशी खेळणं. तसंच सील करून प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं.

"काका, ही चालते का?" मी विचारलं.

"ते तुम्हीच बघा," ते म्हणाले आणि कप विसळायला गेले.

पंचनामा चालू असताना मुलगा ऑफिसातून धावत आला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं: प्रयोगशाळेने चालू म्हटलं तर वडिलांवर शस्त्राचा गुन्हा, आणि क्वार्टर त्याच्या नावावर असल्यामुळे त्याच्याही खात्यात चौकशी.

"बाबा, यार, बंदूक?" तो मटकन खुर्चीत बसला. "तुम्हाला काय कमी होतं? टीव्ही आहे, टॅब आहे. मी कालच रिचार्ज केला."

"कमी काही नव्हतं," काका म्हणाले.

"मग?"

काका त्याच्यासाठी पाणी आणायला उठले. मी त्यांना अटक केली नाही. वय, पत्ता पक्का, पळून जाण्याची शक्यता शून्य. तपासाला हजर राहण्याची नोटीस दिली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, सही केली आणि विचारलं, "मग तो रविवारचा मुलगा सापडला की मला कळवाल ना?"

पहाडगंजात आम्हाला फार फिरावं लागलं नाही. घाऊक पितळी मालाच्या गल्लीत एका दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्याच साच्यातल्या सहा बंदुका ओळीने टांगलेल्या होत्या. पट्ट्या वेगळ्या. एकीवर प्लासी, एकीवर हल्दीघाटी, एकीवर झांसी. गिऱ्हाईक जिथलं, लढाई तिथली. हल्दीघाटी आणि झांसी यांच्यामध्ये दोनशे ऐंशीच्या वर वर्षं आहेत, पण बंदूक एकच.

मालक हात जोडून म्हणाला, "जनाब, ये तो डेकोरेशन पीस है. बिल पे साफ़ लिखते हैं."

"आणि तोंडाने काय सांगता?"

"मुँह का तो बिल नहीं होता जनाब."

मागून तुटक्या भुवईचा उंच तरुण बाहेर आला. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. फक्त विचारलं, "काका ठीक हैं ना?"

ठाण्यात त्याची चौकशी मी केली. पोलिसी चौकशी म्हणजे लोकांना वाटतं आरडाओरडा. माझा अनुभव असा की बहुतेक माणसं सांगायला तयार असतात, त्यांना फक्त कुणीतरी शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा लागतो. तो आधी आयटीत होता, गुरुग्रामला. नोकरी गेली, मग एका ओळखीतून या दुकानात. मराठी गिऱ्हाइकं शोधायचं काम त्याच्याकडे. एका सांस्कृतिक मंडळाच्या कार्यक्रमात काका भेटले.

मी हिंदीत सुरुवात केली होती. मग मराठीत विचारलं, "पट्टीवरचं वर्ष तू लिहून दिलंस?"

"हो सर. गूगल नाही केलं, मायनस सेव्हंटी एट केलं. चुकलं."

"चुकलं हे कधी कळलं?"

"काकांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी. बंदूक हातात घेतली, पट्टी वाचली, आणि म्हणाले, 'अरे, पाडवा विसरलास तू.' मग नळीत बघून हसले. बोले, पाइप बरा आहे."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं, सर. मी उचलून परत न्यायला लागलो. त्यांनी नेऊ दिलं नाही. ठेव म्हणाले. पैसे पण पूरे दिले. आणि म्हणाले, 'पुढच्या रविवारी पोहे करतो, लवकर ये.' सर, त्यानंतर मी कोणत्या तोंडाने जाणार? नंबरच बदलला."

इथे फसवणुकीचा गुन्हा पडला. फसवणूक व्हायला फसणारा माणूस लागतो. काका फसले नव्हते. उरला शस्त्राचा गुन्हा, आणि त्याचा अहवाल अजून आला नव्हता. आता तर प्रकरण काकांसाठी जास्त वाईट झालं होतं: पाइपाची नवी बंदूक आहे हे माहीत असून त्यांनी ती घरात ठेवली होती. भोक आरपार निघालं तर 'मला काय ठाऊक' हे म्हणायची सोयही उरली नव्हती.

मी जप्तीचा फोटो त्याच्यासमोर सरकवला. "हा कान आरपार आहे का? खरं सांग."

"कान?" त्याने स्वतःच्या कानाला हात लावला. "कौनसा कान?"

"हे भोक. तोफेला, बंदुकीला असतं, त्याला मराठीत कान म्हणतात. शाळेत वाचलं नाहीस? तोफांच्या कानात खिळे ठोकले?"

"माझी स्कूल हिंदी मीडियम, सर. आई हा वर्ड नाही बोलायची कधी." तो जरा ओशाळला. "हे होल ना? आरपार नाही. मालिक का सख्त ऑर्डर आहे, ड्रिल थोडंसंच मारायचं. पण मी स्वतः चेक नाही केलं. कारीगर विसरला असेल तर..."

तेवढ्यात दारात उभा असलेला हवालदार खाकरला.

"साब जी, एक बात कहूँ? हँसणा मत."

"बोल."

"वो फोन वाला भी कान ही बोल्या था. 'कान खुला है.' मन्नै सोच्या बंदूक कै कान कित तै आए? बुजुर्ग सै, दाँत नहीं होंगे, काम बोल रहा होगा. तो मन्नै लिखवा दिया, काम चालू है."

हिंदीत बंदुकीच्या भोकाला कुणी कान म्हणत नाही. किराणा दुकानातून हिंदीत बोलणारा तो माणूस एका शब्दापुरता मराठीत बोलला होता. फोनवरचा माणूस वयस्कर, म्हणजे काकांचा मुलगा नव्हे; या प्रकरणात उरलेले मराठी पुरुष तीन. एक मी. एक समोर बसलेला, ज्याला तो शब्द माहीत नव्हता. मग मी बाजूला ठेवलेले चार पालथे कप परत समोर घेतले.

काकांना जबाबासाठी बोलावलं. ते मेट्रोने एकटेच आले, मुलाला न सांगता. मी दार लावून घेतलं.

"काका, फोन तुम्हीच केलात ना?"

"हो," ते म्हणाले. इतक्या सहज, की मला पुढचा प्रश्न तयार करायला वेळ लागला.

"कान खुला आहे असं का सांगितलंत?"

"बंद आहे म्हटलं असतं, तर तुम्ही आला असतात?"

मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

"त्याचा नंबर बंद. दुकान नेमकं कोणतं ते माहीत नाही. मंडळात विचारलं, त्यांना ठाऊक नाही. हरवलेल्या माणसाची तक्रार करायला तो माझा कोण लागतो? तुमचा हवालदार विचारील, रिश्तेदार है? काय सांगू, रविवारी पोहे खायला यायचा?" त्यांनी चष्मा पुसला. "माणसं शोधून काढणारं दुसरं खातं कोणतं आहे, तुम्हीच सांगा. मी सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली. कोणती फाईल कशाने हलते ते मला कळते."

"आणि आत गेला असतात तर?"

"कान बंद आहे."

"प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही."

"मी घेतल्या दिवशीच मेण काढून तार घातली होती. दोन मिलिमीटर. पुढे जातच नाही. मग मेण परत भरलं."

"हाताने मोजलेल्या दोन मिलिमीटरवर तुम्ही मुलाची नोकरी पणाला लावलीत?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "ते मला नंतर सुचलं. तो खुर्चीत बसला ना, तेव्हा."

मी हवालदाराकरवी शेजारच्या खोलीतून तरुणाला बोलावलं. तपासाच्या दृष्टीने दोघांना समोरासमोर बसवणं आवश्यक होतं, आणि तसं मी लिहिलंही. तो दारात थांबला.

"काका, एवढं पोलीस वगैरे कशाला?"

"फोन का बंद केलास?"

"शरम आली."

"लाज वाटली म्हण."

"लाज वाटली."

"हं. किती बारीक झालास. जेवतोस का नाही?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी कागद सारखे करत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "साहेब, तुमच्या बंदुकीचं छिद्र आंधळं आहे. खोली दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर. नळीचं मागचं टोक भरीव वेल्ड केलेलं. दुरुस्त करूनही चालणार नाही, नवीच बनवावी लागेल. लेखी पाठवते." मी आभार मानून फोन ठेवला. त्या एक दशांशाबद्दल काकांना सांगायला हवं, एवढंच मनात आलं.

पुढचं थोडक्यात. फोटो दाखवून आम्ही दुकानाची इतर गिऱ्हाइकं शोधली. त्यांतली काही खरोखर फसलेली होती, मालकावर त्यांचा वेगळा गुन्हा झाला आणि तरुणाने त्यात साक्ष दिली. काकांनी पोलिसांना खोटी खबर दिली होती, हे मी माझ्या अहवालात जसंच्या तसं लिहिलं. शब्द लपवणं माझ्या स्वभावात नाही. वरिष्ठांनी फाईल वाचली, काकांना बोलावलं, वय बघितलं, कडक शब्दांत समज दिली आणि लेखी हमी घेऊन सोडलं. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "चांगले आहेत तुमचे साहेब. फक्त मराठी येत नाही."

बंदूक परत द्यायला मी स्वतः गेलो. रविवार होता. पोहे होते. तरुण आला नव्हता, तो पुन्हा कधी आला नाही. बेंगळुरूला नोकरी लागली त्याला. पण पाडव्याच्या सकाळी त्याचा काकांना फोन आला होता. "काका, आज शके बदललं ना?" एवढंच विचारलं म्हणे. काकांनी मला ते तीनदा सांगितलं.

त्यानंतर रविवारी मी जायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. तासभर बसायचो. ते नागपूरच्या ऑफिसातल्या गमती सांगत, मी गावच्या शाळेतल्या. कितीतरी शब्द मला त्या खोलीत परत मिळाले: चाळण, उंबरठा, हुरहूर. घरी परत आल्यावर ते शब्द कुणाशी बोलायचे असा प्रश्न पडायचा. बायको म्हणायची, "आज फिर अपने काका के यहाँ?" तिला माझं जाणं खटकत नव्हतं. फक्त तिथे काय होतं ते तिला सांगता येत नव्हतं, कारण हिंदीत सांगितलं की ते काहीच नसायचं.

माझ्या निवृत्तीनंतर काही महिन्यांनी काकांच्या मुलाची बदली नागपूरला झाली. काका खूश. सामान बांधताना त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिली.

"काका, तुमची आहे. न्या ना."

"तिकडे नेऊन काय करू? तिकडे सगळेच मराठी बोलतात."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी कधी विचारतात. मी सांगतो: निनावी खबर आली की आपण विचारतो, यात कुणाचा फायदा. तो प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. कुणाची तरी वाट बघणारा माणूसही खबर देतो. आणि खबर देणाऱ्याचे शब्द आपल्याला सोयीचे करून लिहू नयेत, जसेच्या तसे लिहावेत. न कळलेला शब्द हाच बऱ्याचदा खबर असतो. ते मान डोलावतात. त्यातला दुसरा भाग ते लक्षात ठेवतात, तो कामाचा आहे.

बंदूक आता आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये, बैठकीच्या भिंतीवर आहे. सोबत प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत. मागच्या दिवाळीला मुलगी आली होती. तिच्याबरोबर तिच्या ऑफिसातली मैत्रीण होती, ती बंदुकीसमोर उभी राहिली.

"अंकल, असली है?"

"नहीं. कान बंद है इसका."

"कान?" दोघीही हसल्या. "पापा, बंदूक के कान?"

मी सांगायला तोंड उघडलं. तोफा, गड, खिळे, सातवीतला इतिहासाचा धडा. मग लक्षात आलं की हे हिंदीत कुठून सुरू करायचं ते मला माहीत नाही. तोवर त्या बाल्कनीत रोषणाई बघायला निघून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी मी कधीकधी काकांना फोन लावतो. बराच वेळ रिंग वाजते आणि थांबते. घरात माणसं असतील, आवाजात ऐकू येत नसेल. चांगलंच आहे. मी फोन ठेवतो आणि पोहे भिजवतो, एका माणसाचे.